श्वानाचे माग काढण्याचे प्रशिक्षण आणि पुराव्याची मर्यादा

गुन्ह्याच्या तपासात श्वानपथकाला पाचारण केले जाते, तेव्हा श्वान नेमके काय हुंगतो हे जाणून घेणे अगत्याचे ठरते. माणूस चालत गेला की त्याच्या त्वचेचे सूक्ष्म कण जमिनीवर पडतात. शिवाय पावलाखाली गवत चिरडते व माती विस्कटते. या साऱ्यांच्या मिश्र गंधातून माग तयार होतो.

प्रशिक्षणाचा आरंभ सरळ व ताज्या मागाने होतो. प्रत्येक पाऊलखुणेत खाद्याचा लहानसा तुकडा ठेवल्याने श्वानाला नाक जमिनीलगत ठेवून माग हुंगण्याची सवय लागते. पुढे खाद्य कमी करीत नेतात आणि वळणे, जुने माग व त्यांना छेदणारे इतरांचे माग यांची क्रमाने भर घालतात.

तथापि, मागाची दिशा श्वानहस्तकास आधीच ठाऊक असेल, तर दोराच्या नकळत ताणातूनही श्वानाला संकेत मिळू शकतो. म्हणून हस्तकास अज्ञात असलेल्या मागावर परीक्षा घेणे इष्ट होय.

न्यायालयात हा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण श्वानाची उलटतपासणी घेता येत नाही. १९६९ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यास फारसे वजन दिले नाही. आसाममधील खटल्याच्या २००८ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, तपासासाठी श्वानाचे साहाय्य घेता येईल. परंतु त्याची घ्राणशक्ती आरोपीचा दोष सिद्ध करणारा पुरावा ठरू शकत नाही. सारांश, प्रशिक्षित श्वान तपासाला दिशा देतो. दोषसिद्धीसाठी स्वतंत्र पुरावाच आवश्यक असतो.