ब्रेस्ट पंपची निवड

ब्रेस्ट पंप कोणता घ्यावा, हे दूध दिवसातून किती वेळा आणि कशासाठी काढायचे आहे यावर ठरते. दुकानात मात्र चर्चा होते ती मोटरच्या ताकदीची. बाळ अंगावर नीट पीत असेल आणि आई घरीच असेल, तर बहुतेक वेळा पंपाची गरजच पडत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतला चीक दाट आणि थोडा असतो. पंपात त्याचा बराच भाग स्तनावर बसणाऱ्या फनेललाच चिकटून राहतो, म्हणून तो हाताने काढलेला बरा.

कधीतरी बाहेर जायचे आहे किंवा छाती दाटून आली म्हणून थोडे दूध काढायचे आहे, तर दांडा दाबून चालणारा साधा हातपंप पुरतो. त्याला वीज लागत नाही, आवाजही होत नाही. औषधांच्या दुकानातला स्वस्त, रबरी फुग्याचा पंप मात्र टाळावा. त्याची खेच ताब्यात राहत नाही आणि फुग्यात शिरलेले दूध आतून धुऊन काढता येत नाही.

नोकरीवर परतणाऱ्या आईचे गणित वेगळे असते. भारतात पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 पासून मिळते. पण त्यातले 8 आठवडे प्रसूतीआधीच घेतले, तर कामावर जाताना बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध मिळायचे, तर कामाच्या ठिकाणी रोज दोन-तीनदा दूध काढावे लागते. तिथे दोन्ही बाजूंचे दूध एकदम काढणारा, बॅटरीवरही चालणारा विजेचा पंप घ्यावा. त्याने जवळजवळ निम्मा वेळ वाचतो. बाळ आधी भरभर, हलके चोखते आणि पान्हा फुटला की संथ, खोल घोट घेते. पंपाला याच दोन चाली असाव्यात. कपड्यांच्या आत बसणारे बिनवायरचे पंप सोयीचे खरे, पण अनेकींना त्यांची खेच कमी पडते. सारी भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते. आपल्याकडचा उन्हाळा पाहता फ्रिज किंवा बर्फाची पिशवी हवीच. घरी ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येते.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असून अतिदक्षता विभागात असेल, तर चोखायला कोणीच नसते. दूध टिकवण्याचे सगळे काम पंपावर येते. अशा वेळी चोवीस तासांत किमान आठ वेळा, रात्रीसुद्धा, दूध काढावे लागते. त्यासाठी रुग्णालयात वापरतात तसा दणकट पंप लागतो. तो फार महाग असल्याने मोठ्या शहरांत भाड्याने घेणे शहाणपणाचे. फनेल, नळ्या आणि बाटल्या मात्र स्वतःच्याच हव्यात.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट फनेलच्या मापाची. अनेक खोक्यांत 24 मिलिमीटरचे फनेल येते आणि ते सगळ्यांना बसेल असे गृहीत धरले जाते. लहान पडले तर स्तनाग्र घासून सोलवटते, मोठे झाले तर भोवतालचा काळसर भाग आत खेचला जाऊन सुजतो. म्हणून स्तनाग्राची रुंदी मोजूनच फनेल घ्यावे. खेच वाढवली की दूध वाढते, हाही गैरसमज आहे. वेदनेने पान्हा अडतो. दुखणार नाही इतकीच खेच योग्य.

नणंदेचा किंवा मैत्रिणीचा जुना पंप वापरण्याआधी दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा आहे का, ते पाहावे. तो नसेल तर दुधाचा अंश मोटरपर्यंत जातो आणि तिथे धरलेली बुरशी दिसतही नाही. घरी वापरायचे बहुतेक पंप एकाच आईसाठी बनवलेले असतात.

सुटे भाग कमी आणि सहज मिळणारे असतील असा पंप निवडावा, कारण प्रत्येक वापरानंतर दूध लागलेले सगळे भाग साबणाने धुऊन वाळवावे लागतात. सिलिकॉनची छोटी झडप काही महिन्यांत सैल पडते आणि खेच हळूहळू कमी होते. दूध आटले या शंकेने पावडरच्या डब्याकडे वळण्याआधी ती झडप बदलून पाहावी.