एका पांघरुणाखाली

नगर जिल्ह्यातल्या आमच्या कर्जतचं ग्रामदैवत गोदड महाराज. आषाढ वद्यातल्या कामिका एकादशीला त्यांचा रथ निघतो आणि पंचक्रोशी त्या रथामागे लोटते. त्यांचं नाव घेतलं की मला गोधडीच आठवते. जुनेरं, विरलेलं धोतर, फाटक्या लुगड्याचे तुकडे एकावर एक रचून आमच्या भागातल्या बायका धावदोरा घालतात. सुटा तुकडा पुसण्याच्या कामाचा. शिवलेले तुकडे मात्र थंडीची रात्र काढून देतात. शेजारच्या जामखेड तालुक्यात काही बायकांनी असंच एक मोठं पांघरूण शिवलं. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या जातींतून आलेल्या त्या बायका त्या एकाच पांघरुणाखाली निजत. आजारपणात माणसं एकमेकांना कशी धरून ठेवतात, हे त्या पांघरुणाच्या गोष्टीतून मला कळलं.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. रजनीकांत याच नगर जिल्ह्याचे. लग्नाच्या दिवशीच दोघांनी खेड्यातल्या गोरगरिबांसाठी आयुष्य द्यायचं ठरवलं होतं. जामखेडला येण्याआधी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षं काढली होती. तिथं बरं होऊन घरी गेलेला रोगी काही महिन्यांनी तेच दुखणं घेऊन परत येई, कारण घरचं पाणी तेच, उपासमार तीच, समजुतीही त्याच. दवाखाना कितीही चांगला चालवला तरी दुखण्याचं मूळ गावातच राहतं, हे त्यांना तिथं उमगलं. पुढं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि पर्जन्यछायेतला हा कोरडा मुलूख त्यांनी निवडला. त्यांच्या संस्थेचं नाव सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प. आमच्याकडची माणसं नुसतं ‘आरोळे दवाखाना’ म्हणतात.

त्या काळी आजार अंगाला लागायच्या आधी माणसाला एकटं पाडत असे. महारोग झालेला माणूस गावाबाहेर जाई. टीबी झालेल्या सुनेला माहेरी धाडत. मूल दगावलं तर देवीचा कोप, बाई घुमायला लागली तर ‘बाहेरचं झालंय’. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं असं आपण म्हणतो. पण त्या मुंगीच्या वाटेवर सोबतीला कुणी नसेल तर माणूस अर्ध्यातच हातपाय गाळतो. गोळ्या सुरू होतात आणि मधेच सुटतात. लाजेपायी चट्टा पदराखाली झाकला जातो. औषध असूनही रोगी जातो, तो असा.

आरोळ्यांना गावात शिरायची वाट दुष्काळानं दाखवली. १९७२चा दुष्काळ नगर जिल्ह्यातला म्हातारा माणूस अजून विसरलेला नाही. गावकरी डॉक्टरांकडे औषध मागायला आले नाहीत. त्यांना अन्न आणि पाणी हवं होतं. तेव्हा गावोगावी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले, आणि ते रांधायलाही गावातलीच माणसं उभी राहिली. पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेतले गेले, तेव्हा जागा हेरून कित्येक ठिकाणी ते दलित वस्तीतच पाडले. ज्या वस्तीची सावली नको होती, त्याच वस्तीत सगळ्या गावाला हंडा घेऊन जावं लागलं. पाण्याच्या रांगेत जे झालं, ते पुढं दवाखान्याच्या ओसरीवर आणि बाळंतिणीच्या खोलीतही व्हायचं होतं.

सुरुवातीला आरोळ्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावात पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. नर्सबाईंना खेड्यात राहवेना आणि खेड्यातल्या बायकांना त्यांचं बोलणं आपलंसं वाटेना. मग विचार पुढं आला, की गावातलीच एक बाई का शिकवू नये? गावानं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित आणि परित्यक्ता असलेल्या बायका जामखेडला येऊ लागल्या. मुक्ताबाई पोळ, ललनबाई कदम, सरुबाई साळवे, यमुनाबाई कुलकर्णी ही त्यांच्यातली काही नावं. आडनावांवरूनच कळतं की ही मोट किती वेगवेगळ्या घरांमधून बांधली होती.

दर आठवड्याला त्या यायच्या, रात्री मुक्काम करायच्या. प्रशिक्षण म्हणजे जमिनीवर गोल करून बसणं. आपल्या गावात काय झालं, कोण आजारी पडलं, कुणी दार उघडलं नाही, कुठं आपलं चुकलं, हे प्रत्येकीनं सांगायचं. एकीची अडचण दुसरीनं सोडवायची. डॉक्टरांनी त्यात भर घालायची. बऱ्याच जणींना आधी आपलं नाव चारचौघांत मोठ्यानं सांगता येत नव्हतं. मेबल आरोळे त्यांना आरशात पाहायला, स्वतःबद्दल बोलायला लावत. सुरुवातीला जेवायला बसताना जातीप्रमाणे अंतर पडे. हळूहळू ताटं जवळ आली, आणि मग ते एक पांघरूण आलं. रात्री दिवा मालवल्यावर त्याच्याखाली ज्या गप्पा होत, त्यात नवऱ्याची मारहाण असे, मेलेल्या लेकराचं दुःख असे. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि इथं सगळ्यांचंच जळालेलं होतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन धीर द्यायचं बळ त्यांना या रात्रींनी दिलं, असं मी मानतो.

या बायका आरोग्यसेविका म्हणून गावात जाऊन करत काय, ते एका उदाहरणानं सांगतो. लेकराला हगवण लागली की पाणी बंद करायचं, अशी जुनी समजूत. पोरगं सुकून जाई, टाळू खोल जाई, डोळे आत ओढले जात. आरोग्यसेविका चुलीपाशी बसे. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ढवळायचं आणि आधी आईनं स्वतःच्या जिभेवर चव घ्यायची. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते टाकून नवं करायचं. मग वाटी-चमच्यानं, थोडं थोडं, पोरानं ओकलं तरी जरा थांबून पुन्हा. सेविका स्वतः भरवत नसे. आईच्या हातून भरवून घेई. पोर तरलं की आई शेजारणीला शिकवी. इथं डॉक्टराची चिठ्ठी कुठंच लागली नाही.

महारोगाचंही तसंच. रंग उडालेला, घाम न येणारा चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगायचं आणि कापसाची वात हलकेच टेकवायची. कुठं टेकली ते माणसाला सांगता आलं नाही, की समजायचं शीर दुखावतेय. हे सेविका शिकल्या. जामखेडनं महारोग्यासाठी वेगळी वसाहत उभारण्यापेक्षा त्याला सर्वांबरोबर एकाच ओळीत तपासलं आणि त्याच्याच घरी ठेवून औषध दिलं. ऐंशीच्या दशकात बहुऔषधी उपचार आल्यावर सहा महिने किंवा दोन वर्षं न चुकता गोळ्या घेतल्या की रोग बरा होऊ लागला. तो ‘न चुकता’ सांभाळला शेजारच्या बाईनं. सगळ्या गावादेखत ती त्या घरी बसून चहा पिई. तिच्या त्या एका कपानं भीती जेवढी घालवली, तेवढी कुठल्या भाषणानं घालवली नसती. ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी जामखेडलाच जयपूर फूट बनवायची कार्यशाळा निघाली. हा पाय लावून शेतकऱ्याला उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं. पाय मिळाला की माणूस नुसता चालत नाही, औत धरायला परत आपल्या माणसांत जातो.

सेविकेमागं गावाची फळी लागते. पुरुषांची शेतकरी मंडळं व्हॉलीबॉलच्या खेळातून जमली. सगळ्या जातींची पोरं एका जाळीच्या दोन बाजूंना उभी राहिली; मग झाडं, बांध, विहिरी यांवर बोलू लागली. बायकांची महिला मंडळं बचतीपासून सुरू झाली आणि मनाच्या दुखण्यापर्यंत पोचली. जामखेडच्या गावांतल्या बायकांशी बोलून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी डॉ. रजनीकांत आरोळ्यांसह एक अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मंडळात येण्यानं बायकांचा स्वतःवरचा विश्वास वाढतो आणि मनाला उभारी मिळते, हे त्यात पुढं आलं. खेड्यातल्या बाईला ‘मला उदास वाटतं’ म्हणायची सोय नसते. ती डोकं दुखतं म्हणते. शेजारी बसलेलीचंही तसंच दुखत असतं, हे कळणं हा तिचा पहिला उतारा.

या सगळ्याचा हिशेब आकड्यांतही दिसतो. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली जन्मलेल्या दर हजारातली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९७६पर्यंत हा आकडा ५२वर आला आणि १९९६मध्ये २६वर. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हातून घडलेल्या आरोग्यकार्यावर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा आटा इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जगानं ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय घेतलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात झुंबरं लखलखत होती. डॉक्टर या झुंबरांसारखे, सुंदर पण महाग आणि दूर, असं त्यांनी सांगितलं. मग पिशवीतून दोन साध्या वातीचे दिवे काढले आणि एकावरून दुसरा पेटवून दाखवला. झुंबराला ते जमत नाही. सगळं सभागृह उभं राहिलं.

पुढं एचआयव्ही आला, आणि महारोगाच्या वेळचंच सगळं परत आलं. तीच भीती, तेच वाळीत टाकणं, नवरा गेल्यावर बाईला घराबाहेर काढणं. खडकत इथल्या आपल्या शेतावर प्रकल्पानं अशा बायकांना काम आणि निवारा दिला. औषधाबरोबर स्वतःची मजुरी आणि बरोबरीच्या बायकांची सोबत मिळाली, की मरणाची वाट पाहणारी बाई पुन्हा उद्याचं बोलू लागते. आपल्याच नगर शहरात १९८९पासून स्नेहालय संस्थेनंही हीच वाट धरली आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दारू सोडलेला माणूस दारू सोडू पाहणाऱ्याचा हात धरतो. आजार निराळे, गाभा एकच.

मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. त्यांची मुलं डॉ. शोभा आणि रवी आरोळे काम पुढं नेत आहेत. कोरोनाच्या लाटांमध्ये घरचे लोक रोग्याजवळ जायला धजत नव्हते, तेव्हा कर्जत-जामखेडच्या कितीतरी कुटुंबांना याच दवाखान्याचा आधार वाटला. २००५ साली देशानं आशा स्वयंसेविका नेमल्या, त्याआधी तीसेक वर्षं त्या कल्पनेचं पीक आपल्या या माळावर उभं होतं. आता दुखणी बदलली आहेत. हगवणीची जागा रक्तदाब आणि शुगरनं घेतली. सेविकेच्या पिशवीत रक्तदाब मोजायचा पट्टा आला. ही दुखणी महिन्याभरात संपत नाहीत; जन्मभर पथ्य, जन्मभर गोळी. अशा दुखण्याला डॉक्टर वर्षातून चार वेळा भेटतो, शेजारी रोज भेटतो.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत, वस्तीवर कुणी टीबीची गोळी मधेच सोडली असेल, कुणी शुगर लपवत असेल, कुणी बाई महिनोन्‌महिने उंबऱ्याबाहेर आली नसेल. त्यांच्याकडे आज संध्याकाळी जा. उपदेश करू नका. बसा, चहा घ्या, गोळी घेतली का विचारा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. जामखेडच्या बायकांनी याहून अवघड काही केलं नाही. त्यांनी जाणं मात्र कधी थांबवलं नाही.