घरबसल्या अद्भुत सफर

सुट्टीतही घरातला प्रत्येकजण आपापल्या मोबाइलमध्ये गुंतलेला असतो. त्यापेक्षा रात्री जेवणं आटोपल्यावर सगळ्यांनी मिळून एक मालिका पाहिली तर?

अवतार : द लास्ट एअरबेंडर – २००५ची ही अ‍ॅनिमेशन मालिका आजी-नातवंडांनी एकत्र पाहावी अशी. १२ वर्षांच्या आंगला जल, पृथ्वी, अग्नी, वायूवर प्रभुत्व मिळवून युद्ध थांबवायचंय.

स्ट्रेंजर थिंग्ज – १९८३ साली एक मुलगा बेपत्ता होतो. मित्र सायकलवरून त्याला शोधायला निघतात. भीतिदायक प्रसंग आहेत, म्हणून लहानग्यांना दाखवू नका.

डार्क – ३३ वर्षांच्या कालचक्रात अडकलेल्या ४ कुटुंबांची ही जर्मन कथा मुलं झोपल्यावर पाहा. नाती कागदावर लिहीत गेलात तर गोंधळ होणार नाही.

रोज एकच भाग पाहा. ‘पुढे काय होईल?’ यावर दुसऱ्या दिवशी चहासोबत गप्पा रंगतील.