तीन बोटं वर, दोन दोऱ्यांच्या मधे

खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याकडे उतरताना एसटीच्या खिडकीशी बसलेलं पोर केव्हा ओकणार, हे आईआधी कंडक्टरला कळतं. तिकडच्याच एका आईचा प्रश्न आहे: ‘मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलंय. गाडी त्याला हमखास लागते. भूल उतरल्यावरही उलट्या होतील का? मनगटाला तो उलट्या थांबवायचा बटणाचा पट्टा बांधू का?’

शंका रास्त आहे. घाटातली वळणं असोत की भुलीची औषधं, निरोप वेगवेगळ्या वाटांनी येतात, पण ओकण्याचा हुकूम मेंदूच्या देठातल्या एकाच कचेरीतून सुटतो. तीन वर्षांवरची मुलं, अर्ध्या तासाहून लांबलेली शस्त्रक्रिया, तिरळेपणाचं ऑपरेशन, आईवडिलांना किंवा भावंडांना पूर्वी झालेला असाच त्रास, ही धोक्याची लक्षणं भूलतज्ज्ञ आधीच विचारून ठेवतात.

पट्ट्याचं बटण दाबतं ती जागा चिनी वैद्यकातली ‘नेइग्वान’. मनगटाच्या घडीवर मुलाचीच तीन बोटं आडवी ठेवायची. मूठ वळली की दोन दोऱ्या वर येतात, त्यांच्या मधे.

या जागेला भूलशास्त्राच्या दालनात आणलं बेलफास्टच्या जॉन डंडी यांनी. माणूस थायोपेंटोन या भुलीच्या औषधाचा जाणकार, म्हणजे अस्सल औषधवाला. चीनमध्ये गरोदर बायका मळमळ थांबवायला मनगट दाबतात हे पाहून आले आणि हसण्यावारी न नेता १९८६मध्ये किरकोळ शस्त्रक्रियांच्या रुग्णांवर त्या जागी अ‍ॅक्युपंक्चरची सुई टोचून तपासली. काहींना मुद्दाम भलत्याच जागी टोचलं; गुण आला तो नेमक्या जागी टोचलेल्यांनाच. पण मला खरा आवडतो तो त्यांचा १९९१चा प्रयोग. नेमकी तीच जागा आधी बधिर केली, मग सुई टोचली. गुण गेला! म्हणजे जे काही घडतं ते चेतातंतूंतून, कुठल्या अदृश्य प्रवाहातून नव्हे.



मुलांच्या बाबतीत मात्र गणित बिघडतं. टोरांटोत टॉन्सिलच्या मुलांना भूल दिल्यानंतर टोचलं, फरक शून्य. तिरळेपणाच्या मुलांतही तेच. ऑस्ट्रियात १९९८मध्ये भुलीआधी आणि शुद्धीवर आल्यावर त्या जागी लेसर धरला, तेव्हा उलट्या झालेली मुलं ८५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली. सुईला भिणाऱ्या पोरांसाठी झकास! पण मुलं होती अवघी चाळीस. एवढ्यावर मी ढोल वाजवणार नाही. लहानमोठ्या सगळ्यांवरचे ५९ प्रयोग कॉक्रेन या संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात एकत्र केले, तेव्हा खोट्या उपचारापेक्षा फायदा दिसला खरा, पण पुरावा दुबळा. उलटीच्या औषधांशी तुलना करता मात्र फारसा फरक आढळला नाही.

तेव्हा पट्टा बांधायला हरकत नाही, पण ऑन्डनसेट्रॉन या उलटीच्या औषधाच्या बदल्यात नको. आणि एसटीतल्या उलट्यांचं सगळं पुराण भूलतज्ज्ञाला आधी ऐकवा. पट्टाही दाखवा, सलाइनची सुई बऱ्याचदा त्याच हाताला लावायची असते.