खाडीकाठच्या गवताच्या मुळांशी

ओहोटीला ठाणे खाडीचा किंवा गोव्यातल्या खाजणांचा चिखल उकरला, की वरच्या करड्या थराखाली काळाकुट्ट गाळ लागतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. हा गंधकाचा खेळ आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. गाळात प्राणवायू पोहोचत नाही. तिथले जीवाणू कुजणाऱ्या पानामुळांवर जगताना प्राणवायूऐवजी हे सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होते. ते लोहाशी संयोग पावते, म्हणून गाळ काळा.

सल्फाइड मुळांना विषारी असते. तरीही कोकणच्या खाड्यांकाठी भाताचा जंगली नातलग ओरायझा कोआर्कटाटा भरती-ओहोटीत तग धरून असतो. अशा गवतांच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडून आलेला प्राणवायू मुळांभोवती झिरपतो. त्या अरुंद पट्ट्यात दुसरे जीवाणू सल्फाइडचे पुन्हा सल्फेट करतात. एका जीवाणूचे विष दुसऱ्याचे इंधन व्हावे, ही या चिखलातली सर्वांत विलक्षण गोष्ट.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील स्पार्टिना गवताच्या मुळांत असे गंधक-जीवाणू आढळले असून, त्यांच्यात हवेतला नायट्रोजन स्थिर करणारी जनुकेही आहेत.

खाजणात बांध घालून पाणी पूर्ण आटवले, तर साठलेल्या लोह-सल्फाइडला हवा लागते, गंधकाम्ल तयार होते आणि माती आंबट पडते. म्हणूनच खाजणातली पाण्याची ये-जा राखणारी मानस, म्हणजे बांधातली दारे, मोलाची आहेत.