प्लास्टर निघाले, उपचार बाकी

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आजी घसरून पडते, मनगट मोडते, प्लास्टर होते आणि विषय संपतो. पण एकदा असे हाड मोडलेल्याला पुन्हा हाड मोडण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. पुढचे हाड खुब्याचे असले, तर अनेक जण वर्षभरात दगावतात.

डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला, की हाडे ठिसूळ झाल्याचे निदान होते. हा निकष जागतिक आरोग्य संघटनेचा, १९९४ चा. मात्र पन्नाशीनंतर साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला, तर तेवढ्यावरूनही डॉक्टर निदान करू शकतात. यंत्र जवळ नाही म्हणून उपचार अडू नयेत.

रक्तातील कॅल्शियम आणि मूत्रपिंड तपासून अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा देतात. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावी. नंतर अर्धा तास आडवे होऊ नये, काही खाऊ नये. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते. आपल्या नागलीत भरपूर कॅल्शियम आहे, पण ती औषधाची जागा घेत नाही.

कार्यकर्त्यांनी हाड मोडलेल्या ज्येष्ठांची यादी करावी. त्यांच्यासोबत जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जावे आणि विचारावे: एवढ्याशा पडण्याने हाड मोडलेच का?