वेलस्ली, वेलिंग्टन आणि विलिंग्डन

गैरसमज : असईच्या लढाईत वेलिंग्टनने मराठ्यांना हरवले.

जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी लढाई झाली, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभवही झाला. पण इंग्रजांच्या त्या सेनापतीला त्या दिवशी वेलिंग्टन म्हणून कोणीही ओळखत नव्हते. तो होता मेजर जनरल आर्थर वेलस्ली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि डिसेंबरात गाविलगड, तेव्हाही तो वेलस्लीच होता. वेलिंग्टन हे नाव त्याला सहा वर्षांनी मिळाले, तेही स्पेनमधल्या तालावेराच्या विजयाबद्दल. त्या काळची कागदपत्रे चाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे, नाहीतर १८०३च्या पत्रांत वेलिंग्टनचा शोध व्यर्थ जातो.

गैरसमज : वेलिंग्टन हे त्याचे आडनाव.

वेलिंग्टन हे इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातले एक छोटे शहर. १८०९ मध्ये सरदारकीचा किताब द्यायचे ठरले तेव्हा आर्थर मोहिमेवर होता, म्हणून नाव निवडण्याचे काम लंडनमध्ये असलेल्या त्याच्या भावावर, विल्यमवर आले. घराण्याचे मूळ सॉमरसेटमधलेच. विल्यमने नकाशा पाहून त्याच भागातले, वेलस्लीशी उच्चाराने जुळणारे गाव शोधले. आर्थरला ते पसंत पडले आणि त्याच सप्टेंबरपासून तो ‘वेलिंग्टन’ अशी सही करू लागला. १८१४ मध्ये तो ड्यूक झाला. पुढे त्या शहराजवळच्या टेकडीवर त्याच्या सन्मानार्थ सुमारे १७५ फूट उंचीचा त्रिकोणी स्तंभ उभा राहिला.

इंग्रज सरदारांची ही रीत आपण नीट समजून घेत नाही, म्हणून घोटाळे होतात. आडनाव घराण्याचे असते, किताब एका माणसाला आणि त्याच्या वारसाला मिळतो. आजचे नववे ड्यूक ऑफ वेलिंग्टन आडनावाने वेलस्लीच आहेत. गंमत अशी की वेलस्ली हेही मुळात सॉमरसेटमधल्या एका ठिकाणाचेच नाव, म्हणजे आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांच्या जातीचे. आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या या घराण्यात ते झिजून ‘वेस्ली’ झाले होते. १७९८ मध्ये, थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला त्या सुमारास, आर्थरने जुने रूप परत घेतले. वसईचा तह झाला तो या रिचर्डच्या कारकिर्दीत. असईला लढला तो धाकटा आर्थर. दोघांना एकच समजण्याची चूकही वारंवार दिसते.

न्यूझीलंडच्या राजधानीचे वेलिंग्टन हे नाव सॉमरसेटच्या शहरावरून थेट आलेले नाही. १८४० मध्ये ते ठेवले गेले ते ड्यूकसाठी, वसाहतवाल्यांना त्याने पार्लमेंटात दिलेल्या पाठिंब्याबद्दल. मुंबईतले रीगलजवळचे वेलिंग्टन कारंजेही त्याच्याच स्मरणार्थ १८६५ मध्ये उभारलेले.

गैरसमज : विलिंग्डन म्हणजे वेलिंग्टनचाच आपल्याकडचा उच्चार.

मुळीच नाही. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज (१९१९) आणि मुंबईचा विलिंग्डन क्लब यांचा त्या ड्यूकशी काहीही संबंध नाही. विलिंग्डन हे ससेक्समधले, ईस्टबोर्नजवळचे खेडे. १९१३ ते १९१८ या काळात मुंबईचे गव्हर्नर आणि पुढे व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड विलिंग्डन यांनी किताबासाठी हे नाव घेतले, कारण ते त्याच भागात जन्मले होते. त्यांचे खरे आडनाव फ्रीमन-थॉमस. युरोपियनांबरोबर हिंदी लोकांनाही सभासद होता यावे म्हणून निघालेल्या क्लबाला त्यांचे नाव आहे. ‘वेलिंग्टन क्लब’ म्हटले की ते श्रेय भलत्याच माणसाच्या नावावर जाते, आणि तो माणूस तर १८५२ मध्येच वारला होता.